फ्रेमच्या बाहेरचं पुणे

पुण्याच्या नदीचा सगळ्यात सुंदर फोटो काढायचा असेल, तर तिच्या सगळ्यात घाण जागांपैकी एका जागी जावं लागतं. थट्टा करत नाहीये. थंडीतल्या कुठल्याही रविवारी सकाळी सोलापूर रोडने वीसेक किलोमीटर जा आणि कवडी पाटला नदीकाठी उतरा. बंधाऱ्यावर तुमच्याआधीच पंधरा-वीस ट्रायपॉड लागलेले असतील. समोर चक्रवाक, थापट्या, हळदी-कुंकू बदक, शेकाट्या, मुग्धबलाक, धोबी. कोवळं ऊन, पाण्यावर पांढरट धूर, त्यात एक राखी बगळा ध्यान लावून उभा. नवा माणूस पहिल्या दहा मिनिटांत शंभर फोटो काढतो.

मग वारा फिरतो आणि वास येतो.

जरा नीट बघितलं की लक्षात येतं, त्या पांढऱ्या धुरातला अर्धा भाग धुक्याचा आणि अर्धा फेसाचा आहे. बंधाऱ्यावरून पाणी खाली पडलं की साबणाचा फेस उठतो, त्याचे गोळे वाऱ्यावर तरंगत जातात. काठावरच्या बाभळींच्या फांद्यांना पावसाळ्यातल्या पुराने आणलेल्या पिशव्या वर्षभर लटकलेल्या. बगळ्याच्या डावीकडे दोन फुटांवर थर्माकोल, उजवीकडे देवाचा फोटो काचेसकट, निर्माल्याची पिशवी, एक चप्पल. बगळा जिथे उभा आहे तेवढीच जागा स्वच्छ, आणि तीही लेन्समधून दिसते म्हणून.

आमचा सात-आठ जणांचा ग्रुप आहे. कोणी बँकेत, कोणी आयटीत, एक डेंटिस्ट, एक निवृत्त मास्तर, ज्यांना सगळे सर म्हणतात आणि ज्यांच्या थर्मासमधल्या चहासाठी निम्मे लोक येतात. आठवडाभर स्क्रीनसमोर बसायचं आणि शनिवार-रविवारी पहाटे उठून कुठेतरी जायचं. एका आठवड्यात कवडी, पुढच्यात वेताळ टेकडी, मग कसबा पेठेतली तांबट आळी, मंडई, ओंकारेश्वराचा घाट, वर्षातून एकदा भिगवण. असे ग्रुप पुण्यात आता गल्लोगल्ली आहेत आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. मॉलमध्ये जाण्याऐवजी माणसं नदीवर जातात, पक्ष्यांची मराठी नावं शिकतात, पेठेतला एखादा वाडा शोधत फिरतात. यात वाईट काय?

वाईट काहीच नाही. फक्त एक गोष्ट मला गेली काही वर्षं टोचते आहे, ती आज लिहितो. बंधाऱ्यावर दर दोन मिनिटांनी एक वाक्य ऐकू येतं. "अरे, तो थर्माकोल टाळ." "जरा खाली बस, पिशव्या जातील फ्रेममधून." "घरी गेल्यावर क्रॉप कर ना." यात गैर काही नाही, फोटोग्राफी म्हणजेच काय ठेवायचं आणि काय सोडायचं याची निवड. पण पुण्यातले सगळे हौशी फोटोग्राफर दर रविवारी तोच थर्माकोल टाळतात, तेव्हा सगळ्यांच्या मिळून फोटोंत एक वेगळीच नदी तयार होते. ती नदी इन्स्टाग्रामवर वाहते. तिच्यात फेस म्हणजे धुकं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मैलापाण्यावर पोसलेली जलपर्णी म्हणजे ड्रोनमधून दिसणारं हिरवंगार मैदान. ज्याने मुळा-मुठा कधी नाकाने अनुभवली नाही, त्याला वाटतं काय सुंदर आहे हो पुण्याची नदी!

त्यावर कळस म्हणजे "एवढे पक्षी येतात, म्हणजे पाणी काही इतकं वाईट नसणार" हा युक्तिवाद. मी तो शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलाय. मंडळी, पक्षी पाण्याची शुद्धता तपासायला येत नाहीत, खायला येतात. मैलापाण्यात नत्र-स्फुरद भरपूर, त्यावर शेवाळ, त्यात किड्यांच्या अळ्या. शेकाट्या आणि धोबी यांना ही जेवणाची पंगतच आहे. शेकाट्यांची फार गर्दी दिसली की जाणकार पक्षीनिरीक्षक खूश होत नाहीत, काळजीत पडतात. संख्या मोजण्याइतकंच कोण येतंय आणि कोण यायचं थांबलंय हे बघावं लागतं. आणि ते समजायला जुने फोटो लागतात. तारखेसकट.

आता दुसऱ्या बाजूची चित्रं बघू. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून मुळा-मुठेच्या प्रदूषणमुक्तीची योजना मंजूर झाली, कर्जाचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. खर्च सुमारे ९९० कोटी, त्यात ११ नवे मैलाशुद्धीकरण प्रकल्प. प्रत्यक्ष कामाला लागायला कित्येक वर्षं गेली. याच्या जोडीला ४४ किलोमीटर नदीकाठ सुधारण्याचा प्रकल्प, त्याचं भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये. या नदीकाठ प्रकल्पाची संगणकावर काढलेली चित्रं तुम्ही पाहिली असतील. निळं पाणी, पायऱ्या, सायकल चालवणारी मुलं, फुगा घेतलेली मुलगी. एकही नाला दिसत नाही. पाण्याला वास असतो हे चित्रकाराला कोणी सांगितलेलं नाही.

मी प्रकल्पाच्या बाजूचा की विरोधातला, यावर वाद घालायला वेगळी पोस्ट लागेल. थोडक्यात सांगायचं तर आधी मैला थांबवा, मग पायऱ्या बांधा, असं माझं मत आहे. पण आज मुद्दा वेगळा. त्या चित्रकाराने जे केलं आणि आपण दर रविवारी बंधाऱ्यावर जे करतो, त्यात फरक किती? तोही नाला टाळतो, आपणही टाळतो. फ्लेक्सवर नदी निळी आणि आपल्या वॉलवर सोनेरी. मग ज्याला नाला दाखवायचाय त्याने पुरावा आणायचा कुठून?

पुरावा हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. बंडगार्डनच्या बाजूचा नदीकाठ काम सुरू होण्याआधी कसा होता, कोणती झाडं होती, पाण्यापासून किती लांब होती, हे बघायचं असेल तर शोधा. २०२३ मध्ये झाडांसाठी लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा काठाचे जुने, तारीखवार फोटो किती कामाचे होते याचा विचार करा. आणि ते फोटो आहेत! हौशी लोकांच्या हार्डडिस्कमध्ये आहेत. फक्त त्यात खंड्या मधोमध आहे आणि काठ ब्लर.

पुराचंही तसंच. भिडे पूल पाण्याखाली गेला की अर्धं पुणे झेड ब्रिजवर मोबाईल घेऊन उभं राहतं. हसू नका, ती मोठी नोंद आहे. खडकवासल्यातून किती क्युसेक सोडले हे बातमीत येतं, त्या वेळी पाणी कुठल्या भिंतीपर्यंत आलं होतं हे फक्त फोटोत येतं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडवरच्या एकता नगरीत पाणी शिरलं. अशा वेळी पहिला वाद असतो तो वेळेचा. पाणी किती वाजता चढलं, इशारा किती वाजता आला. रहिवाशाच्या मोबाईलमधला सकाळचा एक फोटो दहा निवेदनांना भारी पडू शकतो. नकाशावरची निळी पूररेषा आणि लाल पूररेषा खरी की खोटी, हेही शेवटी कोणाच्या तरी जिन्याच्या कितव्या पायरीला पाणी लागलं यावरच तपासता येतं.

आमच्या ग्रुपमध्ये आता एक रिवाज चालू आहे आणि तो इतर ग्रुपनीही उचलावा असं मला वाटतं. प्रत्येक फेरीत, प्रत्येकाने, एक फोटो न कापलेला काढायचा. सुंदर फोटो काढा, हवे तितके काढा, क्रॉप करा, रंग चढवा. पण त्याच जागेवरून एक रुंद फ्रेम, सगळ्यासकट. शक्य असेल तर दरवेळी त्याच दगडावर उभं राहून. खाली जागा आणि तारीख. बस्स. एवढंच.

दोन तांत्रिक गोष्टी. कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये तारीख-वेळ लिहितो, मोबाईलमध्ये लोकेशन चालू असेल तर जागाही. हाच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की ती माहिती पुसली जाते. म्हणून मूळ फाइल जपून ठेवा, पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ तपासा. आमच्यातल्या एकाचा कॅमेरा दोन वर्षं अमेरिकेच्या वेळेवर चालत होता, सगळे सूर्योदय संध्याकाळचे.

जागा लिहा म्हणतोय, पण सरसकट नाही. घुबडाची ढोली, कोणाचं घरटं, दुर्मिळ पक्षी यांची जागा कृपा करून लिहू नका. एकाने लोकेशन टाकलं की पुढच्या रविवारी चाळीस जण त्या झाडाखाली. घरट्याची जागा लपवा, नाल्याची सांगा. सध्या बरोबर उलटं चाललंय.

हे बोललो की ठरलेली उत्तरं येतात. "घाणीच्या फोटोला लाइक येत नाहीत." खरं आहे, नाही येत. "पुण्याची बदनामी होते." बदनामी नाल्याने होते, फोटोने नाही. मला विचार करायला लावलं ते आमच्या डेंटिस्टबाईंनी. त्या म्हणाल्या, "अहो, आठवडाभर मी लोकांची किडच बघते. रविवारी दोन तास तरी मला छान काही बघू द्या." याला माझ्याकडे उत्तर नाही आणि असायचं कारणही नाही. त्यांचे दोन तास त्यांचेच. म्हणून तर शंभरात एकच फोटो मागतोय.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. वास्तव दाखवायचं म्हणून माणसांच्या तोंडावर कॅमेरा रोखायचा का? तांबट आळीत रविवारी सकाळी काय होतं ते बघा. कारागीर हातोडा मारतोय आणि भोवती पाच लेन्स. "दादा, जरा परत मारा ना, ठिणगी नाही आली." तांब्याला ठिणगी नसते येत, पण विचारतं कोण! हात, सुरकुत्या, चमकणारं भांडं, झाला फोटो. त्याच्या दुकानाचा पत्रा, वर अर्धा पाडलेला वाडा, शेजारची उंच इमारत, हे सगळं बाहेर. इथे रुंद फ्रेमच जास्त सभ्य आहे असं माझं म्हणणं आहे. नदीत प्लास्टिक वेचणाऱ्या बाईचा चेहरा क्लोजअपमध्ये घेऊन दारिद्र्याचं प्रदर्शन मांडायचं नाही. प्लास्टिक कुठून येतंय ते दाखवायचं. माणसाला विचारून, त्याचा मान ठेवून, आणि तो नको म्हणाला तर कॅमेरा खाली.

भिगवणचंही बोलायलाच हवं, कारण हे पाणी तिथेच जातं. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीला. सोलापूर शहर जे पाणी पितं त्यात उजनीचा मोठा वाटा, म्हणजे आपण काय सोडतो याच्याशी सोलापूरकरांचा रोजचा संबंध. त्याच उजनीच्या फुगवट्यावर थंडीत रोहित येतात आणि त्यांच्यामागे आपण. मच्छीमारांच्या होड्यांना पर्यटनाचं उत्पन्न मिळालं, उत्तम झालं. पण "थोडं जवळ घ्या की, उडवा की त्यांना, उडताना पाहिजे फोटो" हे होडीवाल्याला सांगणारा पुण्याचाच असतो. तो कसा नाही म्हणेल? पक्ष्याला प्रत्येक वेळी उडवणं म्हणजे त्याने सकाळपासून खाल्लेलं वाया घालवणं. पंखांचा गुलाबी रंग फोटोत छान येतो, कबूल. तरी तो नको.

मागे ग्रुपमध्ये वाद झाला, की असले फोटो कला असतात का. सरांनी नारायण विरकरांचं नाव काढलं. मुंबईचे छायाचित्रकार. १९१९ मध्ये जालियनवाला बागेतल्या हत्याकांडानंतर त्यांनी तिथल्या भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणांचे फोटो काढले, शेजारी त्या खुणा दाखवणारी माणसं उभी. आपला थर्माकोल आणि ती भिंत यांची तुलना करायचा वेडेपणा मी करणार नाही, सरांनीही केली नाही. ते एवढंच म्हणाले, की त्या फोटोत भिंतीवरचं काही टाळायचं ठरवलं असतं तर फोटोच उरला नसता. मग चहा ओतला.

कवडीला रविवारी काही तरुण मुलं हातमोजे घालून प्लास्टिक उचलतानाही दिसतात. पोती भरतात, पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा तितकंच. त्यांच्या कामाचीही मोजदाद फोटोंनीच होईल. त्याच दगडावरून, दर महिन्याला एक. वर्षभराचे बारा फोटो शेजारीशेजारी लावून आपल्या नगरसेवकाला, आमदाराला पाठवा, प्रभागाच्या बैठकीला प्रिंट काढून घेऊन जा. तक्रारीच्या अ‍ॅपवरचा एक फोटो "निराकरण झाले" म्हणून बंद करता येतो, बारा फोटोंच्या ओळीचं तसं करणं जरा अवघड जातं.

येत्या रविवारी आम्ही पहाटे साडेपाचला हडपसरहून निघतोय. कॅमेरा नसला तरी चालेल, मोबाईल पुरतो. जुने बूट घाला, रुमाल आणा, आणि चहाचा कप आपापला आणा. सर प्लास्टिकच्या कपात ओतत नाहीत.