मूल्यमापन म्हणजे संशोधन नव्हे

वेरिबीत राहणाऱ्यांना वेस्टर्न ट्रीटमेंट प्लांट ठाऊक असतोच. वारा फिरला की तो स्वतःच ओळख करून देतो! मेलबर्नच्या जवळपास निम्म्या सांडपाण्यावर इथे प्रक्रिया होते. बाहेर पडणारं पाणी परवान्याच्या मर्यादेत आहे ना, हे नियमित तपासलं जातं. ही झाली तपासणी. थंडीत अमोनिया काढून टाकणारे जीवाणू मंदावतात, त्यावर उपाय काय आणि तो दुसरीकडच्या तळ्यांनाही लागू पडेल का, हा प्रश्न संशोधनाचा.

विद्यापीठांत मात्र दोन्हींची सरमिसळ होते. "माझ्या ८० विद्यार्थ्यांपैकी किती जणांना पी-व्हॅल्यूचा अर्थ कळला?" हे मूल्यमापन. त्याचं उत्तर जगाला लागू पडायची गरज नाही. पुढच्या सत्रात कुठला धडा बदलायचा एवढं कळलं की पुरे. "गटचर्चेने समज वाढते का?" असं विचारलंत, की तुलनेसाठी दुसरा गट हवा, पुरेसा नमुना हवा, विद्यार्थ्यांची संमती हवी आणि एथिक्स कमिटीही आलीच.

भारतात यूजीसीने २०१० साली प्राध्यापकांच्या बढतीला एपीआय गुण जोडले. शोधनिबंध छापला की गुण! मग वर्गाच्या निकालाला दोन आलेख चिकटवून त्याचाही 'पेपर' करायचा मोह होणारच. असे पेपर तुम्हीही पाहिले असतील. २०१८मध्ये यूजीसीने स्वतःच्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली.

माझ्या मते, वर्गाचं प्रामाणिक मूल्यमापन करून शिकवणं बदलणाऱ्याला बढतीत वेगळं श्रेय द्यावं. छापायची अट न घालता.