गिरगावचा बाजार आणि जमिनीचा भाव

मुंबईच्या भुयारी मेट्रोच्या अखेरच्या टप्प्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि काळबादेवी, गिरगाव व ग्रँट रोड ही तिन्ही नावे त्या मार्गाच्या स्थानकांवर झळकली. शतकाहून अधिक काळ ज्या भागात मुंबईकर खरेदीसाठी व करमणुकीसाठी पायी, ट्रामने आणि लोकलने येत असे, त्या भागाच्या पोटातून आता गाडी धावू लागली आहे. या कामासाठी गिरगाव-काळबादेवीतील काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या आणि तेथील रहिवासी व दुकानदार यांचे त्याच परिसरात पुनर्वसन करण्याचे ठरले. माणसांना येथे आणून सोडण्याची सोय तर उत्तम झाली. परंतु ती माणसे येथे कशासाठी उतरणार, हा प्रश्न त्या सोयीने सुटत नाही. किंबहुना तो अधिक तीव्र होतो.

गिरगावच्या बदलत्या रूपाविषयी सहसा दोन प्रकारे बोलले जाते. एक सूर हळहळीचा असतो: चाळी गेल्या, नाटके गेली, मराठी माणूस गेला. दुसरा सूर उत्साहाचा असतो: जुने पडके जाऊन नवे मनोरे उभे राहत आहेत, यात रडण्यासारखे काय आहे? हे दोन्ही सूर एकमेकांशी भांडत असले तरी त्यांच्यात एक साम्य आहे. जे घडले ते काळाच्या ओघात आपोआप घडले, असे दोघेही गृहीत धरतात. प्रस्तुत लेखकास हे गृहीत मान्य नाही. गिरगावचे जुने रूप कायद्याने व अर्थकारणाने घडविले होते आणि त्याचे नवे रूपही कायदा व अर्थकारणच घडवीत आहे. म्हणून त्याचा विचारही त्याच अंगाने व्हावयास हवा.

नाट्यगृहे, चित्रगृहे आणि दुकाने

ठाकूरद्वारापासून ऑपेरा हाउसपर्यंत आणि तेथून लॅमिंग्टन रोडने ग्रँट रोडपर्यंतचा पट्टा नजरेसमोर आणावा. नाना शंकरशेट यांच्या पुढाकाराने १८४६ मध्ये ग्रँट रोडला नाट्यगृह उभे राहिले. १८५३ मध्ये विष्णुदास भावे यांच्या मंडळीने तेथे खेळ केले आणि त्याच वर्षी पारशी रंगभूमीचाही तेथे आरंभ झाला. आसपास आणखी नाट्यगृहे उठली आणि 'प्लेहाउस'चे 'पिला हाउस' होऊन ते नाव लोकांच्या जिभेवर रुळले. १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते रॉयल ऑपेरा हाउसचे उद्घाटन झाले. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातील कॉरोनेशनमध्ये लागला. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट गिरगावातच मॅजेस्टिकमध्ये झळकला आणि चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांना विकले गेले. १९७५ च्या १५ ऑगस्टला लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हात 'शोले' लागला आणि तेथे तो पाच वर्षे चालला. भारतीय करमणूक व्यवसायाचा इतका मोठा इतिहास एवढ्याशा भूभागात सामावल्याची उदाहरणे थोडी असतील.

या करमणुकीच्या आधाराने बाजार वाढला, आणि बाजाराच्या आधाराने करमणूक वाढली. खेळाला आलेले कुटुंब आधी पणशीकरांकडे पियूष घेई, सुटल्यावर पुस्तकांच्या दुकानात डोकावे, ठाकूरद्वारला पातळ बघे आणि भुलेश्वरातून पूजेचे साहित्य घेऊन घरी परते. कॉपोर्रेट भाषेत ज्याला आज 'फुटफॉल' म्हणतात, ती वर्दळ चित्रगृहाचा मालक निर्माण करीत असे, आणि तिचा लाभ त्याच्या दारातील भजीवाल्यापासून कोपऱ्यावरच्या सोनारापर्यंत साऱ्यांना मिळे. अर्थशास्त्रात याला बाह्य लाभ म्हणतात. बाह्य लाभाची गंमत अशी की, तो देणाऱ्याच्या जमाखर्चात कोठेच दिसत नाही. मालक चित्रगृह बंद करावयाचे की नाही हे ठरवितो तेव्हा तो केवळ आपल्या तिकीटविक्रीची आणि आपल्या जमिनीच्या भावाची तुलना करतो. त्याच्या बंद दारामुळे शेजारच्या पन्नास दुकानांचे जे नुकसान होते, ते त्या हिशेबात येत नाही. त्याने ते धरावे अशी अपेक्षाही करता येत नाही. कारण त्या पन्नास दुकानांनी त्याला कधी काही दिलेले नसते.

गोठलेले भाडे

हा बाजार इतकी वर्षे टिकला तो कशामुळे? व्यापाऱ्यांची सचोटी आणि गिऱ्हाइकांची निष्ठा यांना त्याचे श्रेय अवश्य द्यावे. परंतु मोठे श्रेय १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याचे आहे. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूंना संरक्षण मिळावे म्हणून केलेल्या या कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हेच प्रमाण मानले. ही तात्पुरती तरतूद मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धशतक जगली. परिणामी मोक्याच्या रस्त्यावरील दुकानदार एका कपडेपटाच्या किमतीएवढेही भाडे न देता व्यवसाय करू शकला. जिल्ब्या बांधणारी पुस्तकांची, वाद्यांची, पत्रावळींची, रेडिओच्या सुट्या भागांची दुकाने, म्हणजे ज्यांचा नफा थोडा पण उपयोग मोठा अशी दुकाने, या स्वस्त भाड्यावर तगली.

याची किंमत कोणीतरी मोजतच होते. ती घरमालकाने मोजली आणि त्याने दुरुस्ती थांबविल्यावर इमारतीने मोजली. लाकडी तुळयांना टेकू लागले, जिने झिजले, पावसाळ्यात चाळी कोसळून माणसे मेली. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापून उपकर बसविण्यात आला, पण मूळ दुखणे तसेच राहिले. शिवाय भाडे गोठले तरी जागेची खरी किंमत गोठली नव्हती; ती पागडीच्या रूपाने हातोहात फिरत होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये प्रमाण भाड्याच्या या तरतुदी आता वाजवी उरलेल्या नाहीत, असा निर्णय दिला. ३१ मार्च २००० पासून नवा भाडेनियंत्रण कायदा लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढ मान्य केली, पागडीला कायदेशीर स्थान दिले आणि बँका व एक कोटी वा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना संरक्षणातून वगळले.

म्हणून जुन्या गिरगावची आठवण काढताना हेही आठवावे की, तो बाजार आणि ती चाळ ही एका अर्थाने मालकाच्या खिशातून व इमारतीच्या आयुष्यातून दिलेल्या अनुदानावर उभी होती. सामाईक संडासापुढे रांग लावणाऱ्या कुटुंबाला स्वतंत्र घर हवेसे वाटले तर तो संस्कृतिद्रोह नव्हे. त्या कुटुंबाला चाळीतच राहण्याचा उपदेश करण्याचा अधिकार उपनगरातील प्रशस्त सदनिकेत बसून लिहिणाऱ्यांना मुळीच नाही.

गिऱ्हाईक दूर गेले

ते कुटुंब गेलेही. खोलीची पागडी घेऊन कोणी बोरिवलीस, कोणी डोंबिवलीस, कोणी ठाण्यास गेले. २००१ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती ३० लाख ८५ हजारांवर उतरली. महानगर फुगत असताना त्याचे मूळ बेट रिकामे होत होते. प्रेक्षकांमागोमाग नाटकेही गेली. ठाण्याचे गडकरी रंगायतन, पार्ल्याचे दीनानाथ, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिर यांनी गिरगावच्या प्रेक्षकाला त्याच्या नव्या घराजवळच गाठले.

चित्रगृहांवरील आघात आणखी निराळे होते. १९७२ मध्ये मुंबईत दूरदर्शन आले, पुढच्या दशकात व्हिडिओ आला. २००१ च्या धोरणानुसार शासनाने नव्या मल्टिप्लेक्सना आरंभीच्या वर्षांत करमणूक करातून सूट दिली. एकपडदा चित्रगृहे मात्र पूर्ण कर भरीत राहिली. स्पर्धेत हरणे वेगळे आणि प्रतिस्पर्ध्याला शासनाने पुढे नेऊन उभे केल्यावर हरणे वेगळे. मॅजेस्टिकच्या जागी व्यापारी संकुल आले. ज्या भांगवाडीत गुजराती रंगभूमीने पिढ्यान्‌पिढ्या खेळ केले, तेथेही आज दुकानांची आर्केड आहे. मिनर्व्हा उरले नाही. १९९३ मध्ये बंद पडलेले ऑपेरा हाउस मात्र काळजीपूर्वक जीर्णोद्धार होऊन २०१६ मध्ये पुन्हा उघडले. वास्तू वाचविण्याची इच्छा, पैसा आणि ज्ञान एकत्र आले तर काय होऊ शकते याचे ते उदाहरण होय. पण तो अपवाद आहे, आणि अपवादावर बाजार चालत नाही.

खंडाचे उलटे गणित

अर्थशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी रिकार्डोचा खंडविषयक सिद्धान्त शिकतो. जमिनीचा खंड जास्त म्हणून धान्य महाग नसते, तर धान्य महाग म्हणून खंड जास्त असतो, असे त्याचे सार आहे. शहरातील बाजारालाही हा नियम सामान्यतः लागू पडतो. दुकान चांगले चालते म्हणून त्या जागेला भाव येतो. भाव हा धंद्याचा परिणाम असतो.

गिरगावात हे नाते आता तुटले आहे. येथील जमिनीचा भाव आज खालचे दुकान किती कमावते यावर ठरत नाही. वर चाळीस मजल्यांवरून समुद्र दिसणारी सदनिका किती कोटींना जाईल यावर ठरतो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासासाठी वाढीव चटईक्षेत्र देऊ केले आणि पुढील फेरबदलांनी ते अधिक उदार केले. जुन्या भाडेकरूंना विनामूल्य जागा द्यावी आणि उरलेले क्षेत्र विकून विकासकाने खर्च व नफा काढावा, अशी ही योजना. पडक्या इमारतींतील माणसांना पक्के घर मिळण्याचा हा एकमेव व्यवहार्य मार्ग ठरला, हे मान्य केलेच पाहिजे. पण या गणितात दुकान हे केवळ 'भरून द्यावयाचे क्षेत्रफळ' असते. क्षेत्रफळ परत मिळते. रस्ता परत मिळेलच असे नाही. नव्या इमारतीचे खालचे मजले मोटारींना जातात, पदपथाला भिंत व सुरक्षारक्षक लाभतात, आणि दुकानदाराला कधी आतल्या बाजूस तर कधी वरच्या मजल्यावर गाळा मिळतो. बांधकामाची वर्षे त्याने कोठेतरी तात्पुरत्या जागेत काढलेली असतात. तेवढ्या काळात गिऱ्हाईक दुसरीकडे रुळते. परतल्यावर त्याला इमारतीचा देखभाल खर्च भरावा लागतो, आणि तो त्याच्या पूर्वीच्या भाड्याच्या कित्येक पट असतो. मग तो गाळा विकतो. कागदोपत्री त्याचे पुनर्वसन झालेले असते; प्रत्यक्षात एक दुकान कायमचे मिटलेले असते.

लॅमिंग्टन रोडवरील इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजाराकडे पाहावे. घरबसल्या मागणी नोंदविण्याच्या या दिवसांत त्या बाजाराची उपयुक्तता संपली असे कोणी म्हणेल. पण एखादा सुटा भाग हातात घेऊन 'हा बसेल का?' असे विचारणाऱ्या तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्याला जे उत्तर तेथे उभ्याउभ्या मिळते, ते शेजारी शेजारी असलेल्या शंभर दुकानांच्या सामूहिक ज्ञानातून येते. अशी दुकाने एकत्र असली तरच एकमेकांना जगवितात. त्यांतील तीस विखुरली की उरलेली सत्तरही दुबळी होतात. बाजार एकदा मोडला की तो नियोजन आराखड्यात रंग भरून पुन्हा वसविता येत नाही.

काय करता येईल

भाडे पुन्हा गोठविणे हा उपाय नव्हे. त्याची फळे आपण भोगली आहेत. जे आहे ते तसेच जपून ठेवण्याचा हट्टही व्यर्थ आहे. परंतु पुढील तीन गोष्टी आजच्या चौकटीत राहूनही शक्य आहेत.

पहिली गोष्ट, जुन्या व्यापारी रस्त्यांवरील पुनर्विकासात तळमजल्याची रस्त्याकडील बाजू लहान गाळ्यांसाठी बंधनकारक करावी आणि विस्थापित दुकानदाराचा त्यावर पहिला हक्क असावा. मोटारींचे मजले मागे किंवा भूतलाखाली न्यावेत. वाढीव चटईक्षेत्र ही शासनाने दिलेली देणगी आहे. देणाऱ्याने अट घालण्यात संकोच कसला? तसेच दुकानदाराच्या वाट्याच्या देखभाल खर्चासाठी विकासकाकडून कायम निधी घ्यावा.

दुसरी गोष्ट, वारसा वास्तूच्या मालकाला न वापरता येणारे बांधकाम हक्क अन्यत्र विकण्याची मुभा मुंबईत पूर्वीपासून आहे. ही मुभा केवळ दगडी कमानींसाठी का असावी? जो मालक आपले नाट्यगृह वा चित्रगृह चालू ठेवील, त्यालाही असे हस्तांतरणीय हक्क द्यावेत. खेळ बंद पडले की ते थांबावेत. वर वर्णिलेल्या बाह्य लाभाचे मोल मालकाच्या हाती पडण्याचा हा सरळ मार्ग आहे.

तिसरी गोष्ट, मेट्रोमुळे या भागातील जमिनीचा भाव वाढतो तो मालकाच्या वा विकासकाच्या कष्टांमुळे नव्हे, सार्वजनिक पैशामुळे. मुंबईतील खरेदीखतांवर मेट्रोसाठी एक टक्का अधिभार घेतलाच जातो. स्थानकांच्या परिसरातून जमा होणाऱ्या रकमेचा ठरावीक हिस्सा त्याच परिसरातील पदपथ, मंडया आणि रंगमंदिरे यांवर खर्च व्हावा.

यावर असा आक्षेप येईल की, लोकांना नको असलेली दुकाने व नाट्यगृहे सार्वजनिक साहाय्याने का जगवावीत? आक्षेप रास्त आहे, पण त्याची मांडणी अपुरी आहे. गिरगावच्या बाजाराला गिऱ्हाइकांनी नाकारलेले नाही. दिवाळीच्या आठवड्यात भुलेश्वर-ठाकूरद्वारच्या गर्दीतून वाट काढणाऱ्या कोणालाही हे पटेल. त्या बाजाराला जमिनीच्या भावाने नाकारले आहे, आणि तो भाव शासनाच्या नियमांनी, शासनाच्या रस्त्यांनी व आता शासनाच्या मेट्रोने वाढविला आहे. ज्याने तराजूच्या एका पारड्यात इतके वजन टाकले, त्याने दुसऱ्या पारड्याकडे पाहून 'बाजाराचा निर्णय' असे म्हणणे न्यायाचे नाही.

शहर म्हणजे केवळ घरांची बेरीज नव्हे. अनोळखी माणसांनी थोडक्या पैशांत एकत्र यावे, काही पाहावे, काही विकत घ्यावे आणि परत जावे, अशी जागा ज्या शहरात उरत नाही त्याला महानगर म्हणणे कठीण. भुयारी स्थानकातून वर येणाऱ्या प्रवाशाला समोर बाजार दिसावा की कुंपणभिंत, याचा निर्णय अद्याप पूर्णपणे झालेला नाही. येत्या काही वर्षांत एकेका इमारतीच्या मंजुरीबरोबर तो होत जाईल. त्या मंजुऱ्या देणाऱ्यांवर आणि त्यांना निवडून देणाऱ्या आपणा सर्वांवर त्याची जबाबदारी आहे.