‘आज नको’ म्हणणाऱ्या पायलटला टोमणे मारू नका

वर्धा जिल्ह्यात विमानतळ नाही. तरी वर्धा, हिंगणघाट, आर्वीतल्या बऱ्या परिस्थितीच्या घरांत हल्ली अधूनमधून विषय निघतो, की नोकरीसाठी नाही, नुसत्या हौसेखातर विमान चालवायला शिकता येतं का? येतं. वयाची चाळिशी उलटलेल्या डॉक्टरलाही येतं आणि जिनिंगच्या मालकालाही. त्यासाठी बारावीला गणित-भौतिकशास्त्र घेतलेलं असायला हवं असं नाही. खासगी परवान्याला, म्हणजे पीपीएलला, दहावी पास पुरे. परवान्यासाठी वयाची सतरा वर्षं पूर्ण हवीत, वैद्यकीय तपासणी पास व्हायला हवी, नियम, दिशादर्शन, हवामान आणि विमान-इंजिन या विषयांच्या लेखी परीक्षा द्याव्या लागतात. रेडिओवर बोलण्याची परीक्षा वेगळी. आणि उड्डाणाचे किमान 40 तास. त्यातले पाच तास एकट्यानं लांब पल्ल्याचे, आणि त्या पाचांत एक फेरी किमान 150 सागरी मैलांची, म्हणजे सुमारे 278 किलोमीटरची, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून.

एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या. या परवान्यावर पैसे कमावता येत नाहीत. पाहुण्यांना पैसे घेऊन ‘वर्धा दर्शन’ घडवणं हा गुन्हा आहे. विमान कंपनीत नोकरी हवी असेल तर व्यावसायिक परवाना, त्याचे 200 तास आणि त्याचा खर्च हे निराळंच प्रकरण. ‘पोरगं आधी हौसेनं शिकेल, मग बघू’ म्हणून शेत विकायला निघालेल्या बापांनी तर जरा थांबावंच. हौसेचा खर्चही काही लाखांत जातो आणि परवाना हाती आल्यावर तो थांबत नाही. पुढचा प्रत्येक तास तुमच्याच खिशातून.

शिकायचं कुठे? जवळचं पाहिलं तर चंद्रपूरची मोरवा धावपट्टी, गोंदियाचं बिरसी. लांब जायची तयारी असेल तर बारामती, धुळे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, मान्यताप्राप्त संस्थांची यादी पाहा आणि प्रत्यक्ष जाऊन तीन प्रश्न विचारा. आज या घडीला उडू शकतील अशी विमानं किती? शिकवणारे किती? मागच्या बॅचच्या मुलांना महिन्याला किती तास मिळाले? हँगरमध्ये उभी असलेली विमानं मोजून भुलू नका, त्यांतली निम्मी सुट्या भागांची वाट पाहत असू शकतात. सगळे पैसे एकरकमी तर कधीच भरू नका.

हे झालं प्रवेशापुरतं. मला बोलायचं आहे ते परवाना मिळाल्यानंतरच्या गोष्टींबद्दल, कारण खरी हौस तिथून सुरू होते आणि खरा धोकाही.

समजा, तुम्ही दोन आसनांचं सेस्ना 152 घेऊन नागपूरहून अमरावतीला निघालात. अमरावतीचा बेलोऱ्याचा विमानतळ एप्रिल 2025 मध्ये प्रवासी विमानांसाठी सुरू झाला. आधी परवानगी घेऊन उतरायचं, चहा घ्यायचा, परत यायचं. सरळ रेषेत अंतर साधारण 142 किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर ती वर्धा शहरावरून जात नाही, वरच्या अंगानं आर्वीच्या थोडी दक्षिणेला जाते. वाटेत बोर व्याघ्र प्रकल्पाच्या टेकड्या, पुढे वर्धा नदी, नदी ओलांडली की अमरावती जिल्हा. नदीचं पात्र हिवाळ्यात वरून असं स्पष्ट दिसतं की चुकायला जागा नाही. तीन हजार फुटांवरून कपाशीचे चौकोन, संत्र्याच्या बागा, धरणाचं चमकणारं पाणी बघत जाणं याला तोड नाही, हे मान्यच.

नवख्याला मोह होतो तो रेल्वेच्या रुळांचा. नकाशा वाचायचा कंटाळा, तर रूळ धरून जाऊ: सिंदी, सेवाग्राम, वर्धा, पुलगाव, धामणगाव, बडनेरा. वाट चुकत नाही हे खरं. पण ती वाट पुलगावला नेते आणि पुलगावला सैन्याचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. 2016 च्या मे अखेरीला तिथे लागलेली आग जिल्ह्यानं पाहिलेली आहे. अशा जागेच्या डोक्यावरून हौसेचं विमान नेण्याचा विचारही करू नका. कुठलं आकाश बंद आहे, कुठे आजच्या दिवसापुरती मनाई आहे, हे निघण्यापूर्वी नकाशावर आणि वैमानिकांसाठीच्या सूचनांत, म्हणजे नोटॅममध्ये, वाचायचं असतं. फ्लाइट प्लॅन द्यायचा असतो, हवाई संरक्षणाच्या परवानगीचा एडीसी क्रमांक घ्यायचा असतो. ‘इथल्या इथे तर जातोय’ ही सबब कोणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये.

आता वाऱ्याचा हिशेब बघा, कारण तो भल्याभल्यांना चकवतो. सेस्नाचा वेग 100 नॉट, म्हणजे ताशी 100 सागरी मैल, धरला तर जायला 46 मिनिटं, यायला 46, एकूण 92. जाताना समोरून 20 नॉटचा वारा असला तर 58 मिनिटं लागतात. येताना तोच वारा पाठीशी, म्हणून 38-39 मिनिटं. वाऱ्यानं जाताना बारा मिनिटं खाल्ली आणि येताना आठही धड परत दिली नाहीत. ‘जाताना लागलं ते येताना भरून निघेल’ हा समज म्हणूनच खोटा. नियमाप्रमाणे दिवसा अर्ध्या तासाचं इंधन राखीव लागतं. माझं म्हणणं, पूर्ण तासाचं ठेवा. बेलोऱ्याची धावपट्टी काही कारणानं बंद झाली, तर दुसरी जवळची धावपट्टी शेजारच्या गल्लीत नाही.

इंधनावरून एक छोटी पण जीव वाचवणारी सवय. सकाळी निघण्यापूर्वी पंखाखालच्या झडपेतून पारदर्शक कपात थोडं इंधन काढतात. हे विमानाचं पेट्रोल फिकट निळं असतं. कप उजेडाकडे धरायचा. तळाशी पाण्याचा थेंब असेल तर तो निळ्याखाली बिनरंगी, गोटीसारखा वेगळा दिसतो. हिवाळ्यात रात्रभर अर्धवट भरलेल्या टाकीत दव धरतं, तेच हे पाणी. दिसलं तर पुन्हा काढा, पुन्हा बघा, तळ स्वच्छ येईपर्यंत. आणि सगळा कप बिनरंगीच दिसला तर ‘पाणी नाही’ असा अर्थ लावू नका. तो कप सगळा पाण्याचाच असू शकतो. एखाद्या मिनिटाचं काम आहे. पण सोबत आलेला मेहुणा ‘चला भाऊजी, उशीर होतो’ म्हणत असला की नेमकं हेच राहून जातं.

वैदर्भीय वाचकाला उन्हाचं कौतुक सांगायला नको. पण ऊन विमानाचं काय करतं ते सांगतो. हवा तापली की विरळ होते, पंख कमी उचलतात, इंजिन कमी ओढतं. नागपूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार फुटांवर आहे. मे महिन्यात दुपारी पारा 45 वर गेला की तीच धावपट्टी विमानाच्या लेखी जवळपास 4,800 फुटांवर जाते. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे. म्हणजे नागपूरला उभं राहून महाबळेश्वरच्याही वरून उडायचं, तेही टाकी भरलेली आणि शेजारी वजनदार मित्र. डिसेंबरात झटकन उठलेलं विमान मेमध्ये धावपट्टीवर धावतच राहतं, आणि उठलं तरी चढत नाही. शिवाय दुपारी काळ्या मातीतून उठणारे गरम झोत विमानाला असे हिसके देतात की पोटातलं सगळं वर येतं. म्हणून आपल्याकडे हौसेचं उड्डाण म्हणजे दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतची सकाळ. तीही धुकं विरल्यावर. एप्रिल-मेमध्ये उडायचंच तर उजाडताना निघून नऊच्या आत खाली. पावसाळ्यात घरी बसा, भजी खा.

खाली उतरून गाव दाखवण्याची हौस ही सगळ्यांत वाईट. 26 एप्रिल 2017 रोजी बिरसीहून निघालेलं प्रशिक्षण विमान वैनगंगेवर आडव्या बांधलेल्या तारेला अडकून कोसळलं. शिकवणारा आणि शिकणारी, दोघंही गेले. तार वरून दिसत नाही. दिसतो तो खांब, तोही उशिरा. वर्धा नदीवर, धाम नदीवर, शेताशेतांतून विजेच्या तारा आहेतच. आपल्या घराच्या गच्चीवर उभ्या असलेल्या आईला हात करायला म्हणून कोणी विमान खाली आणू नये, आणि आईनंही तशी अपेक्षा धरू नये.

आता घरच्यांशी बोलतो, कारण माझ्या मते अर्धी सुरक्षितता त्यांच्या हातात असते. हौशी पायलटवर कंपनीचं वेळापत्रक नसतं, साहेब नसतो. त्याच्यावर दडपण असतं ते आपल्या माणसांचं. अमरावतीला साखरपुडा आहे, सगळ्यांना सांगून ठेवलंय की जावई विमानानं येणार. सकाळी ढग खाली आलेले दिसतात. जावई फोन करतो, ‘आज नको, गाडीनं येतो.’ आणि पलीकडून हशा: ‘मग कसले हो पायलट तुम्ही?’ हा हशा माणसाला ढगात ढकलतो. परतीचंही तसंच. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. असं डोळ्यांनी बाहेर बघत चालवायचं विमान सूर्यास्तानंतर 20 मिनिटांच्या आत जमिनीवर हवं, हा नियम आहे. जेवणाच्या पंगतीत ‘अजून एक जिलेबी घ्या’ करत साडेचार वाजवू नका. वाजलेच, तर त्याला मुक्कामाला ठेवून घ्या. सोमवारचं ऑफिस बुडालं तर बुडू द्या. समृद्धी महामार्ग आहे, बडनेऱ्याहून रेल्वे आहे. विमान तिथेच बांधून ठेवता येतं.

प्रवासी म्हणून बसणार असाल तर खरं वजन सांगा, बॅगेसकट. लाजून दहा किलो कमी सांगितलेत तर पायलटचा सगळा हिशेब चुकतो. उडताना आणि उतरताना गप्पा नकोत, सेल्फी नकोत. दुसरं विमान दिसलं तर मात्र बोला, पायलटला दिसलं असेलच असं धरून बसू नका. आणि तुम्हाला भीती वाटली तर बसू नका. भिडेखातर विमानात बसणं हा काही पाहुणचार नाही.

राहता राहिले गावकरी. इंजिन बंद पडलं तर लहान विमान दगडासारखं पडत नाही, तरंगत खाली येतं आणि पायलट मोकळं शेत शोधतो. हरभऱ्याचं नाहीतर कापणी झालेल्या सोयाबीनचं शेत त्याला बरं. उभी तूर आणि पावसानं भिजलेली काळी माती वाईट, चाक रुतून विमान उलटं होतं. असं विमान कधी तुमच्या शिवारात उतरलंच, तर गर्दी करू नका, बिडी-सिगारेट विझवा, पंख्याच्या जवळ जाऊ नका, तो थांबलेला दिसला तरी. आत माणूस अडकला असेल आणि आग नसेल तर त्याला हलवण्यापूर्वी मान आणि पाठ सांभाळा. विमानाचा कुठलाही तुकडा घरी नेऊ नका, चौकशीला तो लागतो. आणि व्हिडिओ काढण्याआधी 112 वर फोन करा. गावासोबत तालुक्याचं नाव आणि शेतापर्यंत रुग्णवाहिका कुठल्या पांदणीनं येऊ शकेल तेही सांगा.