गेममधले चित्र आणि शाळेचा फोटो

विद्यार्थ्यांना आवडता विषय विचारला की क्रिकेटच्या खालोखाल व्हिडिओ गेमचे नाव येते. पालकांची त्यावर ठरलेली तक्रार असते, डोळे बिघडतात आणि अभ्यास बुडतो. ती तक्रार खोटी नाही. पण आज आम्ही गेमच्या एका वेगळ्याच बाजूबद्दल लिहीत आहोत, कारण ती बाजू आता गेमपुरती राहिलेली नाही. ती आपल्या शाळेच्या भिंतीवरील फोटोपर्यंत येऊन पोचली आहे.

गेममधले चित्र आधी काढून ठेवलेले नसते. खेळाडू हलेल तसे संगणक ते सेकंदाला तीस ते साठ वेळा नव्याने काढतो. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके असतात. ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. ठिपके चौपट झाले की कामही वाढते, आणि ते काम पेलणारे ग्राफिक्स कार्ड महाग पडते. यावर एनव्हीडिया कंपनीने २०१८ मध्ये डीएलएसएस नावाचा उपाय आणला. चित्र लहान काढायचे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडून मोठे करून घ्यायचे. २०२० मध्ये त्याची बरीच सुधारलेली दुसरी आवृत्ती आली. पुढे इंटेलने २०२२ मध्ये आणि सोनीने २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ प्रो यंत्रात तशीच सोय दिली. डीएलएसएसच्या २०२५ मधील आवृत्तीत एका काढलेल्या चित्रामागे आणखी तीन चित्रे संगणक स्वतःच तयार करू शकतो. विद्यार्थी मित्रांनो, गणित करून पाहा. चार ठिपक्यांतला एक काढलेला आणि चार चित्रांतले एक काढलेले, म्हणजे १६ ठिपक्यांपैकी १५ अनुमानाने भरलेले!

यात आम्हाला काही गैर वाटत नाही. कमी किमतीच्या कार्डावर चांगले चित्र दिसत असेल, तर नागपूरला जाऊन नवा संगणक आणण्याचा खर्च दोन वर्षे पुढे ढकलता येतो. शिवाय हे अनुमान आंधळे नसते. आधीची चित्रे आणि कोणती वस्तू कुठे सरकली याची माहिती गेम स्वतः पुरवतो. मागची पाने हाताशी ठेवून हिशेब पुरा करावा तसे हे आहे. आणि एखादे पान चुकले, तरी खेळच तो. कोणाचे नुकसान होत नाही.

पण मागची पानेच नसतील तर? २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये रॉकस्टार कंपनीने आपल्या तीन जुन्या जीटीए गेमची नवी आवृत्ती काढली. (हे गेम प्रौढांसाठी आहेत, मुलांसाठी नाहीत, हे येथेच सांगून ठेवतो.) जुनी लहान चित्रे मोठी करताना कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली होती. परिणामी काही दुकानांच्या पाट्यांवरील अक्षरे चुकली. एका दुकानाच्या पाटीवर सहा कोनांचा लोखंडी नट होता. त्याचे कोन घासून जाऊन तो गुळगुळीत गोल झाला. नट कशाला म्हणतात हे यंत्राला कळले नाही, त्याने फक्त कडा साफ केल्या. खेळाडूंनी गदारोळ केला आणि कंपनीला त्याच महिन्यात माफी मागावी लागली.

आता घरची गोष्ट. शाळेच्या जुन्या फोटोंचे प्रदर्शन भरवावे म्हणून मुलांनी घरोघरी जाऊन फोटो गोळा केले. एक फोटो फार धूसर होता. मुलांनी हौसेने तो मोबाईलवरच्या एका अॅपमधून काढला. फोटो लखलखीत झाला, सगळ्यांनी वाहवा केली. मग एका आजींना दाखवला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "कपडे आमच्या दादाचे आहेत, पण हा दादा नव्हे." मागच्या पाटीवर नीट पाहिले, तर 'शाळा' शब्दातला 'ळ' जाऊन तेथे 'ल' झाला होता.

मुलांची यात चूक नाही. यंत्राने जे जास्त पाहिले असेल तेच ते भरते. २०२० मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या अशाच एका प्रणालीला बराक ओबामांचा धूसर फोटो दिला, तेव्हा तिने गोऱ्या माणसाचा चेहरा काढून दिला, आणि त्यावर जगभर चर्चा झाली. जे संख्येने थोडे, ते अशा अनुमानात पुसले जातात.

आपण पांढुर्णा-सौंसरची मराठी माणसे संख्येने थोडीच आहोत. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्याच्या वाटेला गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. हिंदी आपण आनंदाने शिकलो, पण घरातला 'ळ' सोडला नाही. पोळा, जाम नदीवरची गोटमार, संत्र्याच्या बागा यांचे जुने फोटो घराघरांतल्या पेट्यांत पडून आहेत. आपला लेखी इतिहास फारसा नाही, हे फोटोच आपली बखर. ती साफ करताना बदलली जाऊ नये.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, मूळ फोटो चांगल्या स्कॅनरवर स्कॅन करून तो जसाच्या तसा जपावा. शाळेसाठी असा स्कॅनर घेण्याचा विचार विश्वस्त मंडळाने करावा; तो गेमच्या कार्डापेक्षा स्वस्त पडेल. दुसरी, संगणकाने सुधारलेला फोटो लावायचा असेल तर खाली तसे स्पष्ट लिहावे आणि शेजारी मूळ फोटो लावावा. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, फोटोतील माणसांची नावे आजी-आजोबांना विचारून आजच मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवावीत. हे काम कोणतेही अॅप करू शकत नाही आणि ते करू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

मुलांनी गेम जरूर खेळावेत, अभ्यास सांभाळून. पडद्यावरचा डोंगर अनुमानाने काढलेला असला तरी चालेल. आजींचा दादा मात्र धूसर असला तरी खराच हवा.