उठा, चाला, वळा, बसा!

ऑफिसमध्ये डेडलाइन डोक्यावर असताना घरून फोन येतो. "अगं, काळजी करू नकोस, पण बाबा बाथरूममध्ये जरासे घसरले." हे 'जरासे' मोठं फसवं असतं बरं का! एक्स-रे निघतो, हाड शाबूत असतं, सगळे हुश्श करतात. वीकेण्डला आपण घरी जातो, रबरी मॅट आणि ग्रिपवाल्या चपला आणतो आणि निघताना प्रेमळ दम देतो, "आता एकट्यानं बाहेर पडायचं नाही!"

जरा थांबा बॉस. प्रॉजेक्ट गडबडला की आपण आधी डेटा मागतो ना? मग इथे काहीही न मोजता थेट निकाल? माणूस घरात बसला की पायातली ताकद जाते, आत्मविश्वास जातो आणि पुन्हा पडण्याची शक्यता उलट वाढते. म्हणजे ज्याची भीती, त्यालाच आमंत्रण!

आता हे मोजायचं कुणी? तर फिजिओथेरपिस्टनं. फिजिओ म्हणजे शेक, मशीन आणि दुखऱ्या गुडघ्याचे व्यायाम, एवढंच आपल्या डोक्यात असतं. पण चांगला फिजिओ व्यायाम देण्याआधी तीन गोष्टी तपासतो. रोजची कामं कितपत जमतात, तोल कसा सांभाळला जातो आणि डोकं किती साथ देतंय.

खुर्ची आणि स्टॉपवॉच

सगळ्यात साधी टेस्ट म्हणजे 'टाइम्ड अप अँड गो'. १९९१मध्ये ती मांडली गेली आणि आजही जगभर वापरात आहे. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीनं ३ मीटर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. पायात रोजच्या चपला, हातात नेहमीची काठी असेल तर तीही. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या निकषानुसार ज्येष्ठांना यासाठी १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. पण फिजिओची नजर फक्त घड्याळावर नसते. उठताना हातांवर जोर दिला का? वळताना पावलं बारीक झाली का? हात हलतायत का? भिंत शोधली का?

दुसरी टेस्ट पायांच्या ताकदीची. हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं? ६५ ते ६९ वयात पुरुषांचे १२पेक्षा आणि बायकांचे ११पेक्षा कमी भरले तर ते सरासरीच्या खाली. आठ-आठ तास खुर्चीत रुतलेल्या मंडळींनी स्वतःही करून बघावी. दहाव्या वेळी मांड्या बोलायला लागतात!

तोलासाठी 'बर्ग बॅलन्स स्केल' आहे. कॅनडात तयार झालेल्या या टेस्टमध्ये १४ कामं, प्रत्येकाला ४ गुण, एकूण ५६. डोळे मिटून उभं राहणं, जमिनीवरची वस्तू उचलणं, मागे वळून बघणं, एका पायावर उभं राहणं... सगळी आपल्या घरातलीच कामं. गुण कुठे गेले ते कळलं, की व्यायाम नेमका त्याच जागी देता येतो.

चालायला डोकं लागतं!

आता खरी गंमत. १९९७मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वीडनमधला एक छोटासा अभ्यास आला. तिथल्या ५८ वृद्धांबरोबर चालताना सहज गप्पा सुरू करण्यात आल्या. १२ जण बोलण्यासाठी चक्क थांबले. त्या १२पैकी १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले! कारण काय? तरुणपणी चालणं 'ऑटो मोड'वर असतं. वय, पक्षाघात किंवा पार्किन्सन्समुळे तेच चालणं लक्ष खायला लागतं. मग पाऊल आणि उत्तर दोन्ही एकदम जमत नाही. म्हणून फिजिओ चालता चालता १००मधून तीन-तीन वजा करायला सांगतो. वेग किती घसरला, ते बघतो.

म्हणूनच तो घड्याळाचं चित्र काढायला लावतो, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगतो. 'मोका' नावाच्या ३० गुणांच्या टेस्टमध्ये हे असतं. यात बाबांना 'वेडा' ठरवायचा डाव नसतो. "आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला पाय" हा क्रम लक्षातच राहणार नसेल, तर दहा व्यायामांचा छापील कागद काय कामाचा? अशा वेळी दोनच व्यायाम द्यायचे, रोज एकाच वेळी, कुणाच्या तरी सोबतीनं. आणि एका टेस्टवरून स्मृतिभ्रंशाचं लेबल लावायचं नाही. झोप, औषधं, कमी ऐकू येणं, नैराश्य, शिक्षण, सगळ्याचा परिणाम गुणांवर होतो. निदान डॉक्टरांचं काम.

तुमचं काम? गप्प बसणं!

हे सगळ्यात अवघड. फिजिओ विचारतो, "काका, आज वार कोणता?" आणि आपण बाजूनं, "बाबा, गुरुवार ना!" ते उठायला लागले, की आपण काखेत हात घालतो. झाली टेस्ट फुकट! कारण रोज सकाळी ते उठतात तेव्हा तुम्ही तिथे नसता, तुम्ही आठ-चाळीसच्या लोकलमध्ये असता. ते एकटे असताना काय जमतं, तेच तर मोजायचंय.

त्याऐवजी ही तयारी करा:

• चष्मा, कानाचं मशीन आणि रोजच्या चपला बरोबर घ्या. नवे बूट नकोत.

• सगळ्या गोळ्यांची यादी न्या. झोपेच्या आणि बीपीच्या तर नक्कीच. उभं राहिल्यावर चक्कर येते का, तेही सांगा.

• वर्षभरात किती वेळा पडले, कुठे, काय करताना, ते लिहून ठेवा. 'पडता पडता वाचले' तेही धरा.

• टेस्ट आईबाबांच्या भाषेत घ्यायला सांगा. मराठीत विचार करणाऱ्याला इंग्रजीत मोजू नका.

• आजचे आकडे लिहून घ्या आणि ठरावीक आठवड्यांनी तीच टेस्ट पुन्हा करायला सांगा. १७ सेकंदांचे १३ झाले, तर तो आईबाबांसाठी केवढा मोठा बोनस!

घरी एका पायावर उभं राहण्याचे प्रयोग मात्र एकट्यानं नकोत. पण एक गोष्ट आजपासून करता येईल. जेवणानंतर त्यांच्याबरोबर कॉलनीत एक फेरी मारा, गप्पा मारा. बोलताना ते दर वेळी थांबतायत का, याकडे लक्ष ठेवा. थांबत असतील तर घाबरू नका, रागवू तर मुळीच नका. अपॉइंटमेण्ट घ्या!