पीएचडीचा दर्जा कोण राखणार?

पीएचडीचा प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीद्वारे रद्द केली. २००९ च्या नियमावलीत आलेल्या या अटीमागचा हेतू चांगला होता. पण रसायनशास्त्र, इतिहास आणि मराठी साहित्य या सर्वांना तिने एकाच मापाने मोजले. प्रयोगाचा निष्कर्ष चार पानांत मावतो. दफ्तरखान्यातील कागदपत्रांवर उभे राहिलेले काम अनेकदा प्रबंधातच आकाराला येते. शिवाय पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे या सक्तीमुळे फावले. अट गेली, हे योग्यच झाले.

मात्र आता दर्जाची मदार मार्गदर्शक आणि किमान दोन बाह्य परीक्षक यांच्यावर आहे. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, तर सहायक प्राध्यापकाला चारच संशोधक विद्यार्थी घेता येतात. ही मर्यादा केवळ संख्येची आहे. प्रबंध कोणी बारकाईने वाचला, याची हमी ती देत नाही.

मान्यताप्राप्त प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले होतात. परीक्षकांचे अहवालही नावानिशी तेथेच प्रसिद्ध करावेत. आपले मत चारचौघांत वाचले जाणार, हे ठाऊक असलेला परीक्षक न वाचता सही करण्यास धजावणार नाही.