एका सामन्याचा हंगाम

देवळाली कॅम्पमधील महाविद्यालयाचा एखादा विद्यार्थी महिना-दीड महिना पहाटे उठून चिखल तुडवितो, पहिल्याच आंतरमहाविद्यालयीन सामन्यात त्याचा संघ एका गोलाने हरतो, आणि त्याचा वर्षाचा फुटबॉल तेथेच आटोपतो. दोष त्या मुलाचा नव्हे. हे सामने बहुधा ज्या बाद पद्धतीने होतात, तिचा आहे. सोळा संघांच्या अशा स्पर्धेत सामने होतात अवघे १५, आणि आठ संघ पहिल्याच फेरीत घरी जातात. नववा कोण आणि सोळावा कोण, हे सांगणारा गुणतक्ता निघत नाही. निघणार तरी कशाच्या आधारावर?

छावणीच्या गावाला या पद्धतीचे नवल वाटावयास नको. १८८८ साली सिमल्यास ड्युरँड चषक आणि १८९१ साली मुंबईस रोव्हर्स चषक सुरू झाला, तो गोऱ्या पलटणींच्या हौसेतून. आज येथे तर उद्या सरहद्दीवर असणाऱ्या शिपायांना झटपट निकाल लावणारी स्पर्धाच सोयीची होती. गंमत अशी की, त्याच १८८८ साली इंग्लंडात बारा क्लबांनी साखळी स्पर्धा उभारली. चषकातून लवकर बाद झालेल्या क्लबास धड सामनेच उरत नाहीत, ही त्यांची अडचण होती. पहिल्याच हंगामात प्रत्येक संघ २२ सामने खेळला. कलकत्त्याने १८९८ मध्ये लीग सुरू केली. तेथील फुटबॉल कोठवर गेला, हे वाचक जाणतातच. अमेरिकेतील सात विद्यापीठांनी १८९६ मध्ये स्थापिलेला, पुढे 'बिग टेन' म्हणून ओळखला गेलेला संघ आजही चालू आहे. (त्यांचा फुटबॉल बव्हंशी हातानेच खेळला जातो, ही गोष्ट वेगळी!)

परीक्षा, खर्च, मैदान या सबबी पुढे येतील. परंतु आठ महाविद्यालयांची साखळी म्हणजे २८ सामने, प्रत्येक संघास सात. सात शनिवारांत काम भागते. आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. हरून सोमवारी वर्गात मान खाली घालून बसणारा मुलगा, पुढल्या शनिवारी पुन्हा सामना आहे म्हटल्यावर कसा ताठ होतो, ते आम्ही पाहिले आहे.

विद्यापीठाची स्पर्धा आहे तशी चालू द्यावी. देवळाली, नाशिकरोड व नाशिक येथील क्रीडाशिक्षकांनी एकदा एकत्र बसून वेळापत्रक तेवढे आखावे. दर सोमवारी गुणतक्ता छापण्यास या पत्रात जागा राखून ठेवली आहे.